छाटणीच्या काड्या

थंडी पडली तशी बयाबाईंनी अंगणातले गुलाब छाटायला घेतले, आणि छाटलेली एकेक काडी लावायला घरात सापडेल ते कापायचा सपाटा लावला. तेलाचे डबे झाले, रंगाच्या बादल्या झाल्या, लेकाचं जुनं हेल्मेटसुद्धा माती भरून तारेनं टांगून झालं. ओसरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. सून प्रेरणा रोज म्हणायची, "आई, पुरे आता." तरी रोज एखादी कुंडी वाढायचीच.

का पुरे, ते मात्र तिला सांगता येत नव्हतं. वलवणचं हे घर विकून घोरावाडी स्टेशनजवळ फ्लॅट घ्यायचं ठरलं होतं. "आईला मी सांगतो," असं तिचा नवरा सत्यम दिवाळीपासून म्हणत होता आणि गप्प बसत होता. हा सगळा पसारा शेवटी तिलाच फेकावा लागणार होता.

आज बयाबाईंनी धुण्याच्या चांगल्या बादलीच्या तळाला भोकं पाडली, तेव्हा प्रेरणाचा धीर सुटला.

"अंगणात एवढी जागा असताना काड्या डब्या-बादल्यांत कशाला लावताय? जमिनीत लावा ना, आई."

बयाबाईंनी बादलीत माती भरली, काडी खोचली आणि भोवतीची माती अंगठ्यानं दाबून घेतली.

"जमिनीतलं उचलून नेता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "सत्यम काय सांगायचा न्हाई. तूच सांग, त्या फ्लॅटला ग्यालरी केवढी हाय?"