दोन्हीकडची वायर

“तुम्ही दोघं आता एकमेकांशी कधीच बोलणार नाही का?”

हा प्रश्न घरी विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी तिला शपथच घातली होती. वक्तृत्वात पहिली आलीस ना, मग घरी गेलीस की का गं दातखीळ बसते? म्हणून शाळेतून आल्या आल्या, दप्तरही न उतरवता, तिने जिन्याच्या मधोमध उभं राहून तो विचारला. खाली आई होती, वर बाबा. दोघांनाही स्वच्छ ऐकू जाईल असा खणखणीत आवाज तिने लावला होता.

वरून बाबा म्हणाले, “टकळे, आईला सांग, वायरवाला आलाय. दार उघड म्हणावं.”

झालं. हे उत्तर.

वायरवाले काका आले ते पेटी, शिडी आणि बडबड घेऊनच. घरात फायबरची नवी लाइन येणार होती. लाइन एकच, पण राउटर दोन. आईचा खाली, बाबांचा वर. टकळीची खोली जिन्याच्या वळणावर, म्हणजे धड ना खाली, धड ना वर.

“आत केसाएवढी काच असते बरं,” काका वायर भिंतीच्या कोपऱ्यातून हळूच वळवत म्हणाले. “जास्त वाकवली की तुटते. बाहेरून मात्र जशीच्या तशी दिसते.”

“आणि हे काय?” टकळीने एक चपटी काळी डबी उचलली. “राउटरचा धाकटा भाऊ?”

“भाऊ कसला, हमाल! याला स्विच म्हणतात. कुठून कुठे जायचं ते राउटर ठरवतो. हा बिचारा इकडचं उचलतो, तिकडे देतो. पदरचं काही घालत नाही.”

ती फटकन काहीतरी बोलणार होती, पण नाही बोलली. डबी तेवढी तिने आपल्या टेबलावर नेऊन ठेवली.

काकांनी जिन्यातून आवाज दिला, “हिच्या खोलीला वायर कुठून देऊ? खालून की वरून?”

“खालून,” आई म्हणाली.

“वरून,” बाबा म्हणाले.

अगदी एकाच वेळी. दोन महिन्यांत दोघं पहिल्यांदा एकत्र बोलले होते.

काकांनी डोकं खाजवलं आणि ते गाडीतून उरलेलं सामान आणायला गेले. तेवढ्यात आई आपल्या राउटरच्या वायरचं टोक हातात धरून वर आली, टकळीच्या टेबलावरच्या डबीत खोचून निघून गेली. मिनिटभराने बाबा खाली उतरले. त्यांनीही आपली वायर खोचली आणि गेले. आधीची वायर कुणाची, हे त्यांनी पाहिलं नाही. टकळीने पाहिलं. एका डबीत शेजारीशेजारी दोन वायरी. तिला ते इतकं आवडलं, की ती गप्पच राहिली.

डबीवरचे सगळे हिरवे दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागले. घरभरचं नेट गेलं.

“दोन्हीकडून कुणी जोडलं?” काका धावत आले. “खालचा आणि वरचा राउटर आधीच एका वायरने जोडलेत. आता हा फेरा झाला. निरोप नुसते गोल गोल फिरत बसतात. पोचत कुठेच नाहीत.”

तक्रार करायला आई आली, बाबाही आले. एवढ्याशा खोलीत तिघं आणि काका. आई-बाबांमध्ये दोन हातांचं अंतर.

“टकळे, आईला सांग,” बाबा म्हणाले, “तुझी वायर काढ म्हणावं. आणि हेही सांग, रोज संध्याकाळी चहाला माझ्यासाठी थांबत जाऊ नको. मला कसंतरीच होतं.”

आई चमकली. “मी? मी कधी थांबले? माझा चहा चारलाच होतो.” मग तीही टकळीकडे वळली. “आणि त्यांना सांग, रोज माझ्या गुडघ्याची चौकशी करायची काही गरज नाही.”

“गुडघा?” बाबा टकळीला म्हणाले. “काय झालंय हिच्या गुडघ्याला?”

खोलीत फक्त दिवे लुकलुकत होते. दोघंही आता तिच्याकडे बघत होते. एकमेकांकडे तरीही नाही.

काका खाकरले. “बाळ, एकच वायर ठेवता येईल. कोणती काढू?”

टकळी पुढे झाली. तिने आधी एक वायर उपटली, मग दुसरी. डबी विझली.

“चहाला मी थांबायचे,” ती म्हणाली. वक्तृत्वातला तो खणखणीत आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. “दोन कप मांडून.”

तिने दोन्ही टोकं टेबलावर ठेवली. एक आईच्या बाजूला, एक बाबांच्या.

“डावा गुडघा, बाबा. जिना चढताना दुखतो. आई, हा शेवटचा निरोप होता. यापुढे मी कुणाचंच काही पोचवणार नाही.”