चार काड्या

"पोराला भाकरी कोन करून घालतं?" सत्यशीलानं विचारलं.

कानिफनाथ प्रुफांचा गठ्ठा परत न्यायला बहिणीच्या घरी आला होता. त्याची ही पहिलीच कादंबरी, सोमवारी छपाई सुरू व्हायची होती. संगमनेरच्या कॉलेजात तो मराठी शिकवतो आणि माईक हातात आला की 'मी जगलो तेच लिहिलं' असं छातीवर हात ठेवून सांगतो. 'छापायच्या आधी मला वाचू दे' म्हणून थोरल्या बहिणीनं गठ्ठा आठ दिवस ठेवून घेतला, याचं त्याला कौतुकच वाटलं होतं. चौथीत शाळा सुटलेली बाई ओळीखाली बोट धरून दोनशे पानं वाचते म्हणजे काय!

आता त्या गठ्ठ्यातून खराट्याच्या चार काड्या डोकावत होत्या.

"कुठल्या पोराला?"

"ह्याच्यातल्या. आईबाप ऊस तोडायला गेल्यात, ह्यो गावात राहून शाळा शिकतो. चार ठिकानी त्याचं जेवन आलंय, तिथं तिथं काडी घातली मी. करतं कोन?"

"आई करत असेल."

"आई कारखान्यावर हाय. दसऱ्याला गेली ती पाडव्याला येती. तूच लिवलंय."

कानिफनाथ हसला. वर्गात समजावतो त्या सुरात म्हणाला, "अक्का, कादंबरीत सगळंच सांगत नाहीत. नायक एकटा दाखवावा लागतो. एकटा असला की वाचणाऱ्याच्या काळजाला भिडतो."

"एकटा व्हय? रातच्याला माज्या परकराचं टोक मुठीत धरून झोपायचास. सोडवाय गेलं की रडायचास."

तिनं चौथ्या काडीचं पान उघडलं. या पानावर नायकाला गोवर निघतो, नऊ दिवस तो तापानं फणफणतो आणि दहाव्या दिवशी पेज पिऊन जिद्दीनं उठून शाळेत जातो. प्रकाशकांनी मुद्दाम फोन करून याच पानाची तारीफ केली होती.

"जिद्दीनं न्हाई उठलास. लिंबाचा पाला टाकून मी आंघूळ घातली, पेज पाजली, तवा उठलास. त्या नऊ दिसांत माजी शाळा बुडाली ती बुडालीच. मी अकरा वर्सांची हुते, नाथा."

ती रडली नाही, चिडली नाही. हिशेबी बाईनं दळणातले खडे काढून दाखवावेत तसं तिनं एकेक सांगितलं. कानिफनाथला लाज वाटली. चाळीस वर्षांत तो हे विसरला नव्हता. त्यानं ते गाळलं होतं, आणि गाळताना पान कसं सुंदर झालं म्हणून तो खूशही झाला होता.

"पुढच्या आवृत्तीत तुझ्यावर अख्खं प्रकरण लिहितो," तो म्हणाला.

"पुढची कवा येती?"

"ही खपली की."

"मंग ह्याच्यातच घाल."

"आता छपाईसाठी पानं लावून झालीत, अक्का. सोमवारी छपाई आहे."

सत्यशीलानं हात पुढं केला. "पेन दे."

त्यानं खिशातलं लाल पेन दिलं. तिनं गठ्ठा मांडीवर घेतला, पहिली काडी काढली आणि समासात एकेक अक्षर सुटं लिहिलं. भाकरी बहिणीने केली. दुसऱ्या काडीपाशीही तेच. तेवढ्यात प्रकाशकांचा फोन आला.

कानिफनाथ तिच्या हाताकडं पाहत बोलला. "सोमवारी छापू नका... नाही हो, चुका नाहीत. एक माणूस राहून गेलंय... नाही, एक-दोन ओळींचं काम नाही. मी पहिल्या पानापासून पुन्हा लिहिणार आहे... उशीर झाला तर झाला."

त्यानं फोन बंद करून ठेवला. तोवर तिची तिसरी काडीही झाली होती.

चौथ्या काडीपाशी ती जरा थांबली. मग लग्नाआधी शाळेच्या पटावर होतं तसं पुरं नाव तिनं लिहिलं, सत्यशीला भिमाजी ढाकणे. नाव पुन्हा एकदा बोट धरून वाचलं आणि त्याच्यापुढं एक शब्द जोडला.

हजर.