दोन बोटं

माझ्या नवऱ्याला गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी उचलायची खोड होती. विचारायचं नाही, सरळ हात लावायचा. आमच्या फोटो स्टुडिओच्या गल्ल्यावर मी बसते, म्हणून रोज बघायचे.

एकदा फोटो काढायला आलेल्या एक बाई मात्र स्पष्ट बोलल्या. "हात लावू नका. आणि माझा फोटो बाहेर काचेत लावायचा नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि नको म्हटलेल्या दोन्ही गोष्टी केल्याच. फोटो झालाही होता देखणा: मान ताठ, हनुवटी वर, नजर छताकडे.

दुसऱ्या सकाळी शटर उघडलं, तर फोटोतली हनुवटी जराशी खाली आली होती.

मी म्हटलं, "काढून टाक तो. त्या नको म्हणाल्या होत्या."

"काचेत कोणाला लावायचं ते मी ठरवतो." पालथ्या घड्यावर पाणी.

हनुवटी रोज थोडी थोडी उतरत गेली. शेवटी एका सकाळी बाई थेट त्याच्या डोळ्यांत बघत होत्या.

त्याचं डोकं फिरलं. फ्रेम उपसून त्याने फरशीवर आपटली, बाईंच्या तोंडावर टाच रगडली. मग धापा टाकत गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. मी काचा गोळा करायला झाडू घेतला.

"हात काढ," तो म्हणाला.

मी वळून पाहिलं. माझ्या दोन्ही हातांत झाडू होता. त्याच्या हनुवटीखाली, बोटं रुतावीत तसे, दोन खळगे पडले होते. हनुवटी वर चालली होती. तो स्वतःचाच गळा ओरबाडत होता, नखं रक्ताने भरली होती, स्टुलाचे पाय फरशीवर खडखडत होते.

मान जेवढी मागे जाते, तेवढी गेली. हनुवटी थांबली नाही.