पदराची गाठ

"आजी, हल्ली विसरायला होतं का?" घरी तपासणीला आलेल्या नर्सबाईंनी विचारलं.

"छे! सगळं लख्ख आठवतं," आजी ठणकावून म्हणाल्या. मुलगा शेजारीच बसला होता. परवा दूध करपल्यापासून त्याचा एकच धोशा होता, तपासणीत नापास झालीस तर गॅसला हात लावायचा नाही.

नर्सबाईंची नजर आजींच्या पदराच्या टोकाकडे गेली. "मग ही गाठ कसली?"

आजींनी गाठ चाचपली. क्षणभर विचार केला. "तुम्ही विचारलंत, की 'आठवतं' म्हणायचं, त्याची."

मुलानं कपाळावर हात मारला. नर्सबाईंना हसू आवरेना. "आणि ही दुसरी?"

"ती तुमच्या चहाची." आजी गुडघ्यावर हात टेकत उठल्या. "गॅस माझ्याकडे आहे तोवर पिऊन जा."