नव्याण्णव

थर्मामीटरमधला पारा एकशे एकच्या दोन रेषा वर थांबला होता. स्वाइन फ्लूमुळे आठवडाभर बंद असलेलं ऑफिस उघडल्यापासून दारात प्रत्येकाचा ताप मोजून वहीत लिहायचं काम कंपनीच्या प्रयोगशाळेतली म्हणून माझ्याकडे होतं. शंभरच्या वर गेलेल्याला घरी पाठवायचं, असा नियम होता. पहिल्याच दिवशी डिस्पॅचच्या नागाप्पांचा ताप एकशे दोन भरला. "ताप कसला ताई, कळंब्यापासनं सायकल मारत आलोय की!" ते हसले. मागून साहेब म्हणाले, "नव्याण्णव लिहा, मॅडम. माल अडकलाय." मी लिहिलं. नवव्या दिवशी नागाप्पा दवाखान्यात वारले. तरीही वहीत कुणाचाच ताप नव्याण्णवच्या पुढे गेला नाही, कारण लिहिणारी मीच होते. आज थर्मामीटर साहेबांनी स्वतःला लावला होता. "नव्याण्णव," ते घाईनं म्हणाले. मी पेन खाली ठेवलं. "एकशे एक पॉइंट चार. साहेब, घरी जा."