अर्धा बदाम

सासऱ्यांच्या वाढदिवसाला सुनेने पहिल्यांदाच केक करायला घेतला. सासूबाईंनी अर्धा बदाम स्वतः खाल्ला, उरलेला अर्धा मिश्रणात खोचला. "हा ह्यांच्या वाटणीचा," लाजून सुनेच्या कानात म्हणाल्या. केकचा मात्र पार कोळसा झाला. सुनेने तो गुपचूप कचऱ्यात टाकला आणि बेकरीतून आणलेला घरच्या ताटलीत मांडला. "छान हातगुण आहे हो तुझा!" सगळे म्हणाले. ती हसून मोकळी झाली. पण सासूबाई प्रत्येकाच्या बशीत डोकावून बदाम शोधू लागल्या, तेव्हा ती सासऱ्यांची बशी उचलून उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिने सासऱ्यांच्या तुकड्यात डब्यातला बदाम खुपसून बशी त्यांच्यापुढे ठेवली. "सापडला!" सासऱ्यांनी अख्खा बदाम वर धरला. सासूबाईंनी बदामाकडे पाहिलं, मग सुनेकडे. तिला मान वर करवेना. "काय हातगुण आहे आमच्या सुनेचा!" सासूबाई मोठ्याने म्हणाल्या. "केकच काय, बदामसुद्धा फुगला!"