मुळातच किडलाय

पोरगी कमरेपर्यंत कठड्याबाहेर गेली होती आणि बाप तिला मागे ओढायचं सोडून शिकवत होता, "कोपर टेकव. हात थरथरतोय तुझा."

बाल्कनीखालच्या पत्र्यावर कबुतरांनी घरटं केलं होतं. पोरीला पिल्लांचा फोटो हवा होता. चौथा मजला. खाली नुसती फरशी.

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. पोरीला फ्रॉकला धरून तिने आत खेचलं आणि नवऱ्याकडे वळली. "तुला बापाचं काळीज आहे की नाही?"

"लक्ष होतं माझं."

"लक्षाने धरतात का पोराला? दोन्ही हातांत कॅमेरा आहे तुझ्या."

जेवायला मित्र आला होता. शाळेपासूनचा. आता दातांचा डॉक्टर, म्हणून सगळे त्याला दातपाड्या म्हणायचे. तो बाल्कनीत गेला. लोखंडी कठडा कोपऱ्यातल्या ज्या जाड गजावर उभा होता, तो गज त्याने चिमटीत धरून हलवला. पेशंटचा दात हलवतात तसा.

"हा जाणार रे. मुळातच किडलाय. वरचा रंग बघून फसू नकोस."

"दौऱ्याहून आलो की माणूस बोलावतो," फोटोग्राफर बाप म्हणाला. "उद्या सकाळी निघायचंय."

"मागच्या दौऱ्याआधीही हेच म्हणालास," बायको म्हणाली. "त्याच्याही मागच्या. जगभरचं दिसतं तुला, घरातलं तेवढं दिसत नाही."

"वहिनी, चिडून उपयोग नाही," दातपाड्या हसला. "शाळेत मारामारी झाली तरी हा सोडवायला यायचा नाही. कडेला उभा राहून डोळे बारीक करून बघायचा. तेव्हा कॅमेरा नव्हता, एवढंच."

फोटोग्राफरही हसला. बायको हसली नाही.

हॉलच्या भिंतीवर एकच मोठा फोटो होता. पुरात तुटलेला पूल आणि त्याच्या सळईला लटकलेली एक बाई. या फोटोने त्याला बक्षीस दिलं, नाव दिलं, दौरे दिले. घरी येणारा जो तो त्या बाईखाली बसून चहा प्यायचा, बिस्किटं बुडवायचा आणि म्हणायचा, वा, काय क्षण पकडलाय!

जेवणं झाली तशी पोरगी आपला कॅमेरा घेऊन आली. बापाचाच जुना. देताना तो सहज बोलून गेला होता, एक धड फोटो काढून दाखव, नेतो तुला माझ्याबरोबर. पोरगी त्या एका वाक्यावर जगत होती. बाप घरी असायचाच किती?

तो भराभर बटण दाबत तिने काढलेले फोटो बघत गेला. आई. शेजारच्या आजी. दातपाड्या काका.

"मेला. मेला. हाही मेला."

"का पण?"

"सगळे लेन्सकडे बघतायत. माणूस लेन्सकडे बघायला लागला की खोटं वागतो. फोटो मेला मग."

तिने भिंतीकडे मान वळवली. "ती बाई का बघत नाहीये?"

"मी सांगितलं तिला. ओरडून. इकडे बघू नकोस म्हणून."

"तिने ऐकलं?"

"ऐकलं."

"मग तिला वर कोणी काढलं?"

"आधी फोटो, मग हात. हे डोक्यात पक्कं बसव. हात द्यायला शंभर जण असतात, फोटो काढायला एकच."

"तिथे शंभर जण होते?"

फोटोग्राफरने लेन्सला झाकण लावलं. "मला बॅग भरायचीय."

दातपाड्या घड्याळ बघून उठला. पेशंट ताटकळले असतील म्हणाला. रविवार होता.

थोड्या वेळाने बायको आईकडे जायला निघाली. चप्पल घालताना थांबली. "मी येईपर्यंत तो गज बांधून ठेव. दोरीने बांध, तारेने बांध, तुझ्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याने बांध. हिला काही झालं ना, तर तुझं तोंड बघणार नाही."

"बांधतो म्हटलं ना!"

बायकोने सांगितलेलं काम पहिल्यांदाच त्याने त्याच दिवशी हातात घेतलं. पोरीला बाल्कनीच्या दारात अडवलं. "मी बांधेपर्यंत या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. कळलं?"

"मग फोटो?"

"मिळेल. फोटोग्राफरने वाट बघायला शिकलं पाहिजे."

पोरगी शहाण्यासारखी आत गेली.

दोरी बाहेरून फिरवून आत घ्यायची, एवढंच काम होतं. त्यासाठी तो कठड्यावर पोट टेकवून वाकला. गज निघाला तेव्हा फार आवाज झाला नाही. दात निघताना होतो, तेवढाच. कठडा दारासारखा बाहेर उघडला आणि पिल्लांची आई फडफडत उडाली.

त्याच्या हातांना स्लॅबची कड सापडली. पाय हवेत होते. उन्हामुळे समोरच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"अगं ए! धाव!"

पोरगी दारात आली. तिचे डोळे मोठे झाले.

"शेजारी जा! कोणालातरी बोलाव! पळ!"

ती पळाली. हॉलमधून धावणारी पावलं त्याने ऐकली. हुशार पोर, त्याला वाटलं. बोटं घामाने सरकत होती. येतील आता. शंभर नकोत, एक आला तरी पुरे.

कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेरच्या दाराची कडी वाजायची तो वाट बघत राहिला. कडी वाजली नाही. पावलंच परत आली.

त्याने जीव एकवटून मान वर केली.

ती पोटावर पालथी पडली होती, सांगितल्याप्रमाणे उंबऱ्याच्या आत. दोन्ही कोपरं फरशीवर घट्ट टेकलेली. हात जराही थरथरत नव्हते.

"बाबा, इकडे बघू नकोस ना."